अस्सल, नक्कल आणि शिक्का

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे ज्यास साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ औरंगाबाद म्हणत आले तें शहर, पाहावयास येणारा प्रवासी बीबी-का-मकबरा पाहतो, पाणचक्की पाहतो आणि वेरुळाच्या वाटेस लागतो. किल्ले अर्काच्या पडक्या भिंतींकडे त्याचीं पावलें क्वचितच वळतात. त्यांत त्याचा दोष नाहीं; डोळ्यांस सुखविणारें तेथें आतां फारसें उरलेलें नाहीं. परंतु या शहराची खरी मिरास दगडांत नसून कागदांत होती. मोगलांच्या दक्षिणेंतील सुभ्यांचें दफ्तर येथें सांठत गेलें, आणि पुढें निजामी अमदानींत तें हैदराबादेस नेण्यांत आलें. शहाजहान व औरंगजेब या दोन बादशहांच्या कारकीर्दींतील दीड लाखांवर कागद त्यांत आहेत. १९५० सालीं शहाजहानकालीन निवडक कागदांचा एक खंड हैदराबादेहून प्रसिद्ध झाला, १९५८ सालीं औरंगजेबकालीन कागदांचा दुसरा झाला, आणि १९७७ सालीं शहाजहानच्या वेळच्या कागदांची वर्णनात्मक सूचि निघाली. लढाया आणि कारस्थानें यांची हौस असलेल्या वाचकाची या खंडांनीं निराशाच व्हावयाची. हजेऱ्या, पावत्या, नेमणुका आणि हुकमांच्या नोंदी यांचीच त्यांत गर्दी. पण त्या गर्दीच्या मुळाशीं दोन प्रश्न सारखे उभे असतात. हा हुकूम खरोखर सरकारचाच आहे काय? आणि तो ज्याच्या हातीं आहे, त्याच्याच नांवाचा आहे काय?

हेच दोन प्रश्न आज घरोघरचा मोबाइल फोन मालकाच्या नकळत विचारीत असतो. मोबाइलच्या पोटांत एक मूळ आज्ञावली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. यंत्र सुरू होतांना सर्वांआधीं जागी होते ती हीच. ती बदलावयाची असो, नवी घालावयाची असो, किंवा बिघडली म्हणून पुन्हां तीच बसवावयाची असो, यंत्र प्रथम कारखानदाराची सही पाहतें. सही नसेल तर आज्ञावली कितीहि चांगली असली तरी तिला दाराबाहेर उभें राहावें लागतें. आणि ही सही कारखानदार सर्वकाळ देत नाहीं. नवी आवृत्ति निघाली कीं थोड्याच दिवसांत जुनीवरची सही बंद होते. म्हणून ती बंद होण्यापूर्वींच आपल्या यंत्रापुरती मागून घ्यावी, तिची राखीव नक्कल जपून ठेवावी, आणि हें काम माणसाच्या आठवणीवर न सोंपवितां संगणकाकडून आपोआप करवून घ्यावें, असा एक उद्योग २००९ पासून जगभर चालत आलेला आहे. त्या उद्योगाचा इतिहास समजून घेण्यास औरंगाबादच्या दफ्तराइतका चांगला वाटाड्या सांपडणें कठीण.

मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी वसविली. पुढें फत्तेखानाच्या नांवानें तीच फत्तेनगर झाली, आणि १६५३ मध्यें शहजादा औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला तेव्हां तिला औरंगाबाद हें नांव मिळालें. १६८२ मध्यें तोच शहजादा बादशहा होऊन येथें उतरला, तो पुन्हां उत्तरेकडे परत गेलाच नाहीं. बादशहाबरोबर फौज आली, फौजेबरोबर मनसबदार आले, आणि मनसबदारांबरोबर पगाराचा, जहागिरीचा व हजेरीचा तो न संपणारा व्यवहार आला.

मनसबदार म्हणजे ठराविक संख्येचे स्वार बाळगण्याच्या अटीवर पगार अथवा जहागीर खाणारा सरदार. लबाडीस जागा येथेंच होती. शंभर स्वारांचा पैसा घ्यावयाचा आणि साठच ठेवावयाचे. हजेरीच्या दिवशीं शेजारच्या सरदाराचे घोडे उसने आणावयाचे, आणि बाजारांत दिसेल तो मनुष्य धरून खोगिरावर चढवावयाचा. ही लबाडी मोडण्याकरितां घोड्यास डाग देण्याची आणि स्वाराचा ‘चेहरा’ लिहून घेण्याची पद्धति अकबरानें लागू केली. घोड्यास डाग देण्याची मूळ कल्पना अल्लाउद्दीन खिलजीची. पण तिला दफ्तराची शिस्त आली ती अकबराच्या वेळीं. चेहरा म्हणजे चित्र नव्हे, वर्णन. नांव, बापाचें नांव, मूळ गांव, अंगाचा रंग, कपाळ, भुंवया, डोळे, नाक, तीळ कोठें, जखमेचा वण कोठें. आणि त्याखालीं घोड्याचा रंग, खुणा व डाग. औरंगाबादच्या दफ्तरांत ‘अर्ज-ओ-चेहरा’ या नांवाचे असे कागद पुष्कळ आहेत. साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या एखाद्या सामान्य शिपायाच्या गालावरील तीळहि आज माहीत होऊं शकतो, हें श्रेय कोणा बखरकाराचें नव्हे. तें रोजमुऱ्यावर राबणाऱ्या कारकुनाचें आहे.

चेहरा लिहिला गेल्यामुळें परवानगी मोकळी राहिली नाहीं. ती एका माणसाशीं व एका घोड्याशीं जखडली गेली. दुसऱ्याच्या नांवचा कागद हातीं आला तरी त्यावर पगार उचलण्याची सोय उरली नाहीं.

हुकमाची वाटचालहि तितकीच काटेकोर होती. अबुल फजलनें ती ‘ऐन-इ-अकबरी’त वर्णिली आहे. दरबारांत बादशहाचा तोंडी हुकूम होई आणि हजर असलेला वाकेनवीस तो रोजनाम्यांत टिपून घेई. अकबराच्या वेळीं असे चौदा वाकेनवीस असून रोज दोघांची पाळी असे. टिपणावरून ‘याददाश्त’ तयार होई. ती तपासली जाई, तिजवर अधिकाऱ्यांच्या सह्या होत, आणि मग तिचा संक्षेप काढून तो पुढें चाले. पुढें दिवाण, बक्षी आणि त्यांचे हाताखालचे लोक आपापल्या वहींत नोंद घेऊन शिक्के करीत. महत्त्वाच्या फर्मानांवर ‘उझुक’ नांवाची बादशहाची लहान वाटोळी मुद्रा उमटे. शिक्क्यांची ही रांग पाहून हल्लींच्या मनुष्यास कंटाळा येतो, आणि लालफितीची आठवण होते. तथापि तींत एक खुबी आहे. नक्कल करण्याचा वेगळा हुकूम कोणास द्यावा लागत नसे. कागद पुढें सरकला म्हणजे मागें त्याची नोंद राहिलीच; आणि नोंद राहिली नाहीं तर कागद पुढें सरकतच नसे. आज ज्यास स्वयंचलित बॅकअप म्हणतात तो येथें यंत्रावांचून, केवळ रिवाजाच्या बळावर चालत होता.

आतां ही नक्कल कोणाच्या उपयोगाची? ती सरकारच्या उपयोगाची. खोटी सनद घेऊन कोणी आला तर त्यास पकडावयाचें, म्हणून ती ठेवलेली. सनद धारण करणाऱ्यास तिचा आधार मिळे, पण तो सरकारची मर्जी असेपर्यंत. बादशहा बदलला, दिवाण बदलला, कीं जुने कागद पुन्हां तपासून घेण्याची पाळी येई. विद्वान, फकीर आणि धर्मसेवक यांस दिलेल्या मदद-इ-मआश जमिनींची तर प्रत्येक कारकीर्दीस अशी पुनः तपासणी व्हावयाची. १६९० मध्यें औरंगजेबानें त्या वंशपरंपरेच्या ठरविल्या, तेव्हां कोठें त्यांस थोडें स्थैर्य आलें. म्हणून शहाणा मनुष्य सरकारी दफ्तरावर विसंबत नसे. तो काजीकडे जाऊन अस्सलावरून नक्कल करवून घेई, ती अस्सलाबरहुकूम असल्याचा शेरा आणि काजीचा शिक्का तिजवर घेई, आणि कचेरींत दाखवावयास नक्कल नेऊन अस्सल घरांतील पेटींत ठेवी.

मराठी इनामपत्रांत हाच विचार आणखी मोकळेपणानें आलेला आहे. पत्राच्या अखेरीस देशमुख, देशपांडे, मोकदम, कमाविसदार यांस एका ठराविक वाक्यानें बजावलेलें असे, कीं दरवर्षीं नव्या पत्राचा आग्रह धरूं नये. या पत्राची नक्कल लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठीं इनामदाराकडे परत द्यावें. हें वाक्य इतक्या पत्रांत येतें कीं, संशोधक तें वाचतहि नाहीं. डोळा सरळ मोर्तबावर जातो. परंतु त्यांत फार मोठें तत्त्व दडलें आहे. एकदां उमटलेला शिक्का उमटवणाऱ्यानें रोज पुन्हां मागूं नये. नक्कल कचेरीची, अस्सल घरचें. आणि घरच्या पत्राचा मान कचेरीनें राखावयाचा.

या तत्त्वाची परीक्षा एकोणिसाव्या शतकांत झाली. शेजारच्या मुंबई इलाख्यांत १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले आणि इनामदारांस आपले दाखले पुढें करणें भाग पडलें. पेशव्यांचें दफ्तर इंग्रजांच्या ताब्यांत होतेंच. घरचा कागद त्याच्याशीं ताडून पाहण्यांत येई. कागद दाखवितां आला नाहीं तेथें पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सारा भरण्यास पात्र ठरण्याचा प्रसंग होता. औरंगाबाद निजामाच्या मुलुखांत असल्यामुळें तें या कमिशनाच्या कक्षेबाहेर राहिलें. पण गोदावरीच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, वाळवीनें खाल्लेल्या एका कागदाची किंमत किती असते, हें कोणास सांगावें लागत नव्हतें.

आतां तीन शतकें ओलांडून मोबाइलकडे यावें. ॲपल कंपनीचा पहिला आयफोन २९ जून २००७ रोजीं अमेरिकेंत विक्रीस आला. हिंदुस्थानांत आयफोन ३जी हें पुढचें यंत्र ऑगस्ट २००८ मध्यें आलें. त्या आरंभींच्या यंत्रांवर आज्ञावलीची सही सर्वसाधारण होती. एक आवृत्ति, एक सही, आणि ती त्या जातीच्या कोणत्याहि यंत्रास चाले. जून २००९ मध्यें आयफोन ३जीएस निघाला आणि हा मोकळेपणा संपला. या यंत्रापासून प्रत्येक मुख्य चिपवर कारखान्यांतच कोरलेल्या अनन्य क्रमांकाचा उपयोग सहीसाठीं होऊं लागला. त्या क्रमांकास ईसीआयडी म्हणतात. आज्ञावली बसविण्याची वेळ आली कीं, संगणक ॲपलच्या सर्व्हरला दोन गोष्टी कळवितो: यंत्राचा हा क्रमांक, आणि आज्ञावलीच्या प्रत्येक भागाचा गणिती गोषवारा. सर्व्हरची मान्यता असेल तर तो या दोहोंवर मिळून सही करतो. या सहीस एसएचएसएच हें नांव पडलें. बोलण्यांत तिला नुसतें ‘ब्लॉब’ म्हणतात. ईसीआयडी म्हणजे या यंत्राचा चेहरा आणि या घोड्याचा डाग. एका फोनसाठीं घेतलेली सही शेजारच्या फोनास चालत नाहीं. फरक इतकाच कीं, जुन्या काळीं कसबी सोनार खोटी मुद्रा कोरूं शकत असे. या गणिती मुद्रेची खोटी प्रत करणें व्यवहारांत अशक्य आहे.

आणि मग दुसरें पाऊल पडलें. नवी आवृत्ति बाहेर आली कीं साधारणतः आठवड्या-दोन आठवड्यांत जुन्या आवृत्तीवर सही देणें सर्व्हर बंद करूं लागला. पैठण गेटाजवळच्या दुकानांत बिघडलेला फोन दुरुस्तीस टाकणाऱ्या गृहस्थास वाटतें, कीं कोणती आवृत्ति घालावयाची हें दुकानदार ठरवितो. दुकानदार ठरवीत नाहीं आणि गृहस्थहि ठरवीत नाहीं. तें त्या दिवशीं दूरदेशींच्या सर्व्हरवर काय चालू आहे यावर ठरतें.

कंपनीच्या बाजूनेंहि बोलावयास हवें. जुन्या आवृत्तींत सुरक्षेचीं छिद्रें असतात, तीं नव्या आवृत्तींत बुजविलेलीं असतात. चोरानें फोन पळविला आणि मुद्दाम जुनी, छिद्रांची आवृत्ति त्यावर चढविली, तर मालकाचे खासगी कागद, पैशाचे व्यवहार, सर्व उघड्यावर पडण्याचा धोका. तें टाळावयाचें तर मागें जाण्याचा रस्ता बंद केला पाहिजे, हा विचार चुकीचा म्हणतां येत नाहीं. परंतु नवें म्हणजे सदैव चांगलेंच असें नाहीं. २४ सप्टेंबर २०१४ रोजीं ॲपलनें आयओएस ८.०.१ ही आवृत्ति सोडली. आयफोन ६ आणि ६ प्लस या कोऱ्या करकरीत यंत्रांवर ज्यांनीं ती घातली, त्यांतल्या अनेकांचे फोन मुके झाले. टेलिफोनचें जाळें सांपडेना आणि बोटाचा ठसा ओळखेना. सुमारें तासाभरांत ती आवृत्ति मागें घेण्यांत आली, आणि ग्राहकांस पुन्हां आयओएस ८ वर जाण्याचा मार्ग सांगण्यांत आला. तो मार्ग मोकळा होता याचें कारण एवढेंच, कीं त्या आवृत्तीवरची सही त्या दिवशीं अद्याप चालू होती. डिसेंबर २०१७ मध्यें याच कंपनीनें दुसरी एक गोष्ट मान्य केली: ज्या फोनांची बॅटरी झिजलेली आहे त्यांचा वेग तिच्या कांहीं नव्या आवृत्त्या कमी करीत होत्या, फोन अचानक बंद पडूं नये म्हणून. कंपनीनें क्षमा मागितली व बॅटरी बदलण्याची किंमत उतरविली. पण ज्यांस जुन्या आवृत्तीकडे परतावेंसें वाटलें त्यांच्यासाठीं तें दार केव्हांच लागलेलें होतें. नक्कल कां ठेवावी, या प्रश्नाचें उत्तर या दोन प्रसंगांच्या मधल्या अंतरांत आहे.

नक्कल ठेवण्याची युक्ति प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलांत आणली ती जे फ्रीमन या अमेरिकन प्रोग्रामरनें. कंपनीनें घातलेल्या कुलपांबाहेर जाऊन फोन वापरूं इच्छिणाऱ्या लोकांसाठीं त्यानें २००८ मध्यें ‘सिडिया’ हें भांडार काढलें होतें. अशा कुलूप उघडण्यास अमेरिकेंत कायद्याची सूट मिळाली ती जुलै २०१० मध्यें. २००९ त नव्या सहीपद्धतीचा अर्थ त्याच्या ध्यानीं आला. युक्ति साधी होती. ॲपलचा सर्व्हर सही देत आहे तोंवरच प्रत्येक यंत्राच्या वतीनें ती मागून घ्यावयाची आणि आपल्या कोठींत ठेवावयाची. पुढें मालकास तीच आवृत्ति पुन्हां बसवावयाची झाली कीं, त्यानें आपल्या संगणकाच्या एका छोट्या फाइलींत एक ओळ घालून विचारणा ॲपलऐवजीं फ्रीमनच्या सर्व्हरकडे वळवावयाची. उत्तर म्हणून सांठवलेली सही परत येई. यंत्र ती स्वीकारी, कारण सही खरीच होती. ती फक्त शिळी होती.

यांतला महत्त्वाचा भाग आपोआपपणाचा. यंत्राची एकदां सिडियांत नोंद झाली, कीं पुढें निघणाऱ्या प्रत्येक आवृत्तीची सही फ्रीमनचा सर्व्हर स्वतःच मागून ठेवी. मालक परगांवीं असो, आजारी असो, कीं विसरलेला असो. सही चालू असण्याची मुदत कोणी आगाऊ जाहीर करीत नसल्यामुळें आठवणीवर विसंबणाऱ्याचें काम बहुधा हुकत असे. तें या व्यवस्थेनें सांवरलें. वाकेनवीसाच्या रोजनाम्यासारखी ही व्यवस्था, पण एका अर्थीं उलटी. वाकेनवीसाची वही देणाऱ्याची होती. ही वही घेणाऱ्यांच्या बाजूची. तरीहि ती एका माणसाच्या कोठींत होती, ही अडचण होतीच. त्यामुळें ‘टायनीअंब्रेला’ नांवाचें एक साधन लोकप्रिय झालें. तें सही मागून मालकाच्याच संगणकावर ठेवी. नक्कल घरीं असावी, ही इनामदाराची बुद्धि येथेंहि कामास आली.

१२ ऑक्टोबर २०११ रोजीं आयओएस ५ आलें आणि त्या आवृत्तीपासून पुढें ही साधी युक्ति पुरेनाशी झाली. ॲपलनें सहीच्या मागणींत एक तिसरी गोष्ट घातली. आज्ञावली बसविण्याच्या प्रत्येक वेळीं यंत्र एक नवा, यादृच्छिक अंक काढतें. त्यास ‘नॉन्स’ म्हणतात. तो अंकहि सहींत गुंतवावयाचा. आज मागितलेल्या सहींत आजचा अंक. उद्यां यंत्र दुसराच अंक विचारणार, आणि कालची सही त्यास जुळणार नाहीं. सही खरी आहे, यंत्र तेंच आहे, आज्ञावली तीच आहे, तरी पत्र अमान्य. मराठी इनामपत्रांतील त्या ठराविक वाक्याच्या नेमकें विरुद्ध टोंक हेंच. दरवर्षीं नव्हे, दरक्षणीं नवें पत्र आणा, असा हा हुकूम आहे. आणि तो हुकूम सोडविणारा देशमुख वाटेंत कोणी बसलेला नाहीं.

अर्थात् वाट अगदींच बंद झाली नाहीं. जुन्या जातीच्या कांहीं यंत्रांच्या चिपमध्येंच कायमची कोरली गेलेली एक चूक २०१० मध्यें उघड झाली होती. तिच्या आधारें त्या यंत्रांवर जुन्या नकला पुढेंहि कांहीं काळ चालल्या. नव्या यंत्रांकरितां मात्र वेगळी बुद्धि लढवावी लागली. नॉन्स हा अंक आकाशांतून पडत नाहीं. यंत्राच्या स्मृतींत ‘जनरेटर’ नांवाचें एक बीज असतें, त्यापासून तो गणितानें निघतो. तें बीज आपणांस हवें तें ठेवतां आलें, तर पुढें निघणारा अंक आज सांगतां येतो. आणि त्या अंकाची सही आजच मागून ठेवतां येते. डिसेंबर २०१६ मध्यें ‘तिहमस्टार’ या टोपणनांवाच्या प्रोग्रामरनें या तत्त्वावरचें ‘फ्यूचररिस्टोअर’ हें साधन प्रसिद्ध केलें. अट इतकीच कीं, गरज पडेल त्या दिवशीं यंत्रावर तें बीज लिहिण्यापुरता अधिकार मालकाच्या हातीं असला पाहिजे. तो नसेल तर नक्कल पेटींत पडून राहते.

आणखी एक पहारेकरी आहे. २०१३ च्या आयफोन ५एस पासून यंत्रांत बोटांचे ठसे व गुप्त किल्ल्या सांभाळणारी एक स्वतंत्र कोठी असते. तिची आज्ञावली निराळी आणि तिचा नॉन्सहि निराळा; तो आधीं ठरवितां येत नाहीं. तेव्हां मुख्य आज्ञावली जुनी घातली तरी या कोठीची आज्ञावली त्या दिवशीं सही मिळत असलेलीच घ्यावी लागते, आणि त्या दोघींचें पटलें तरच फोन चालतो. जुनी सनद खरी, पण तिच्यावर हल्लींच्या काजीची संमति पाहिजे, अशांतला हा प्रकार.

इतक्या अडचणींनंतर नक्कल ठेवण्याचा खटाटोप थांबेल असें वाटावें. तो उलट अधिक पद्धतशीर झाला. ‘टीएसएसचेकर’ हें साधन कोणत्या आवृत्तीवर सही चालू आहे तें पाहतें व मिळाली तर उतरवून घेतें. संगणकास ठराविक वेळानें तें चालविण्याची आज्ञा देऊन ठेवली कीं, मालकाला पुन्हां त्याकडे पाहावें लागत नाहीं. ‘ब्लॉबसेव्हर’ हेंच काम खिडक्या-बटणांच्या सोप्या रूपांत करतें आणि पाठीमागें गुपचूप चालू राहतें. ज्यांस एवढेंहि नको त्यांच्यासाठीं आपला क्रमांक देऊन सही सांठवून घेण्याच्या सार्वजनिक व्यवस्था निघाल्या. ईसीआयडी हा कांहीं परवलीचा शब्द नव्हे, परंतु तो फोनचा चेहरा आहे खरा. आणि आपल्या स्वाराचा चेहरा कोणत्या वहींत लिहावा याचा विचार मनसबदारानेंहि केलाच असता. एक सही म्हणजे अवघी कांहीं किलोबाइटांची फाइल. शंभर आवृत्त्यांच्या सह्या एका छायाचित्राहून कमी जागेंत मावतात. तेव्हां जागेची सबब येथें चालत नाहीं. प्रश्न वेळ साधण्याचा आणि नोंद पुरी ठेवण्याचा आहे.

ही ‘पुरी नोंद’ म्हणजे काय, हें २०१८ पासून अधिक कडक झालें. आयफोन एक्सएस व एक्सआर यांत आलेल्या ए१२ चिपपासून बीजावरून नॉन्स काढतांना यंत्राची स्वतःची, बाहेर न येणारी एक किल्लीहि गणितांत मिसळली जाते. परिणाम असा कीं, तेंच बीज दोन फोनांत दोन वेगळे अंक देतें. पूर्वीं सर्वमान्य बीज घेऊन घरबसल्या सही मागतां येई. आतां प्रथम त्या यंत्राकडूनच, तें बीज ठेवलें असतां कोणता अंक निघतो, हें वाचून घ्यावें लागतें, आणि मग ती जोडी मागणींत द्यावी लागते. ज्यांच्या स्वयंचलित व्यवस्थेंत केवळ ईसीआयडी व फोनची जात एवढेंच भरलेलें राहिलें, त्यांच्या संगणकावर सह्या दर आवृत्तीगणिक नियमानें उतरत राहतात, फाइलींची संख्या वाढत जाते, आणि त्यांतील एकहि त्या फोनास उपयोगी पडत नाहीं. चेहरा लिहिला, पण घोड्याचा डाग लिहिला नाहीं, अशा हजेरीस मोगली बक्षीनें पगार दिला नसता. म्हणून ए१२ किंवा त्यानंतरची चिप ज्याच्या फोनांत आहे त्यानें संग्रह सुरू करण्याआधीं बीज आणि अंक यांची जोडी यंत्रावरून वाचून घ्यावी, ती फाइलीबरोबर लिहून ठेवावी, आणि पहिल्या उतरलेल्या सहींत तोच अंक आहे कीं नाहीं हें एकदां उघडून पाहावें. त्यापुढचें काम संगणक करतो.